घरी बसून लिहिणाऱ्यांनो, तुमचं लक्ष टिकतं तरी कसं?

खारेगावकर (मंगळवार, रात्री ११.४८)

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच काहीतरी विचारतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कळव्याला, खारेगावात राहतो. आठ वर्षं एका जाहिरात कंपनीत मराठी कॉपी लिहिली, दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली. आता घरूनच करतो सगळं. बँकेच्या वेबसाइटचं मराठी, खतांची माहितीपत्रकं, शेतकऱ्यांसाठीच्या दोन-दोन मिनिटांच्या व्हिडिओंच्या संहिता, मध्येच एखादा दिवाळी अंकाचा लेख. कामाला तोटा नाही. तोटा आहे तो दिवसाचा. सकाळी नऊला खुर्चीत बसतो आणि खरं लिखाण सुरू होतं रात्री साडेनऊला.

गेल्या गुरुवारचं सांगतो. त्या दिवशी इतका वैतागलो होतो की वेळा चक्क लिहून ठेवल्या. काम काय, तर ट्रॅक्टर कर्जाच्या अटी-शर्ती, अठराशे शब्द, संध्याकाळी सहाला द्यायचे.

९.१० बायको ऐरोलीला ऑफिसला गेली. ९.२० लॅपटॉप उघडला. ९.४० इंटरकॉम. "चारशे दोनचं पार्सल आहे, त्या म्हणाल्या तुम्ही घरीच असता." आमच्या विंगमध्ये दिवसा घरी असणारा धडधाकट माणूस मी एकटाच, त्यामुळे सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे. आत्ता या क्षणी चपलांच्या रॅकशेजारी सात खोकी पडली आहेत, त्यातलं एक मांजराच्या वाळूचं. दहा किलो. आमच्याकडे मांजर नाही.

१०.०५ बाबा. "अरे, जरा हे बघ." पेन्शनचा मेसेज आला होता. पेन्शन जमा झाली असं त्यात लिहिलं होतं, आणि पेन्शन जमा झाली होती. १०.३० क्लायंट. 'आकर्षक व्याजदर' ऐवजी 'मोहक व्याजदर' चालेल का? म्हटलं, व्याजदर मोहक नसतो हो. पाऊण तासाने फोन: "आकर्षकच ठेवूया." ११.१५ सोसायटीचा ग्रुप, टाकीच्या सफाईवरून चौसष्ट मेसेज. त्यातले तीन माझे. मी कशाला बोललो, मला खरंच माहीत नाही.

आता हे सगळं बाहेरचं झालं. बारा वाजता जे घडलं ते मात्र पूर्णपणे माझं. 'नजरगहाण' (वस्तू कर्जदाराकडेच ठेवून केलेलं तारण) हा शब्द बरोबर बसतोय का ते बघायला शब्दकोश उघडला. गहाणवरून सावकारीवर गेलो, सावकारीवरून एकोणिसाव्या शतकातल्या ठाण्यावर, तिथून रेल्वेवर. बारा पन्नासला मला हे पाठ होतं की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीला चौदा डबे होते आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती. नजरगहाणचं वाक्य होतं तिथेच होतं. आणि या पन्नास मिनिटांत मला एकदाही वाटलं नाही की मी काम टाळतोय. इन्स्टाग्रामवर असतो तर निदान लाज तरी वाटली असती.

दुपारी तीनला मोजले, दोनशे बारा शब्द. सहाची वेळ टळली, माफीचा मेल टाकला, रात्री दोनला काम पाठवलं. बायको पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "तू दिवसभर घरीच होतास ना रे?" टोमणा नव्हता हो तो. म्हणून जास्त लागलं.

काय काय करून पाहिलं तेही सांगतो. वेबसाइट बंद करणारं ॲप टाकलं, दोन दिवसांत ते बंद करायला शिकलो. फोन आतल्या खोलीत ठेवला, पण बँकेच्या कामात लॉगिनला दर वेळी ओटीपी लागतो, मग ऊठ-बस. नेट बंद केलं, तर माझं मराठी टायपिंगच थांबलं, कारण मी इंग्रजी अक्षरांतून ऑनलाइन मराठी करतो. पंचवीस मिनिटांचा टायमर लावला, तो नेमका वाक्य जुळून येताना केकाटतो. राममारुती रोडवर एका कॅफेत जाऊन बसलो, शेजारच्या टेबलवर कोणीतरी कोणालातरी विमा विकत होतं आणि माझं सगळं लक्ष तो घेणार की नाही याच्याकडे.

हो, आणि दिवसातून आठ-दहा वेळा बँकेचं ॲप उघडून बघतो, पैसे आले का. ते धरायचं की नाही यात, कल्पना नाही.

तर विचारायचं असं की, तुम्ही घरच्यांना, बिल्डिंगला कसं समजावलंत की हे काम आहे? आणि स्वतःला कसं?

---

घणसोलीचा बंटी (मंगळवार, रात्री ११.५९)

दादा, मांजराची वाळू 😂😂

पटापट सांगतो. नेट बंद करून मराठी टाइप होतं की. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही उतरवायला नको. सेटिंग्जमध्ये भाषांत मराठी जोड, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवड. इंग्रजी स्पेलिंगसारखंच टाइप करायचं, मराठी येतं, नेट लागत नाही. एक-दोन दिवस हात अडखळेल.

पंचवीस मिनिटांवरून एवढा राग नको. ज्याने काढलं तो फ्रान्चेस्को चिरिल्लो, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, तेव्हा इटलीत कॉलेजात होता, अभ्यास होईना म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेऊन बसला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो, म्हणून या पद्धतीला 'पोमोदोरो टेक्निक' नाव. अभ्यासासाठी काढलेलं माप आहे ते, तुझ्या अनुवादाला पन्नासचं लाव. मी कोड लिहितो, माझं पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं सुट्टी असं चालतं.

फोनची स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट कर. इन्स्टा एकदम वर्तमानपत्रातल्या निविदांसारखं दिसतं.

---

नेरूळची मावशी (बुधवार, सकाळी ६.२०)

खारेगावकर, तुमचं सगळं वाचलं. दोनदा. मी सतरा वर्षं अनुवाद आणि सबटायटलचं काम करते, सगळं घरून. लोक 'वर्क फ्रॉम होम' म्हणायला लागायच्या आधीपासून. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "तुमचं बरंय, घरीच असता." आता त्यांच्या सुना घरून काम करतात, तर त्याच म्हणतात, "शूऽऽ, मीटिंग चाललीय तिची." तेव्हा लोकांना कळत नाही असं नाही. मीटिंग म्हटलं की कळतं, लिखाण म्हटलं की कळत नाही. लिहिणारा माणूस बाहेरून बघणाऱ्याला रिकामा दिसतो. खिडकीबाहेर बघत बसलेला असतो ना.

म्हणून मी 'लिहितेय' म्हणणं बंद केलं. नऊ ते साडेअकरा माझी 'मीटिंग' असते. रोज. सोसायटीत सगळ्यांना वाटतं मी कुठल्यातरी परदेशी कंपनीत बरीच वर पोचलेली आहे. वाटू दे.

दुसरं. मध्ये एका प्रशिक्षणाच्या साहित्याचा अनुवाद केला, त्यात सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंचं २००९ चं काम आलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो, आणि मग दुसरंही धड होत नाही. त्याला त्यांनी जो शब्द वापरलाय, 'अटेन्शन रेसिड्यू', त्याला मराठीत काय म्हणावं यावर माझा एक दिवस गेला. शेवटी 'लक्षाची शिल्लक' लिहिलं, अजून मनासारखं झालेलं नाही. पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. डाळीला कुकर लावला आणि दर तीन मिनिटांनी झाकण काढून बघितलं, तर गॅस तासभर जळेल आणि डाळ कच्चीच राहील. तुमच्या बाबांचा मेसेज बघायला अर्धं मिनिट लागलं असेल. पण वाफ गेली ती गेली.

आता माझा खरा उपाय. हसू नका. ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल.

माझं माहेर ठाण्याच्या नौपाड्यातलं. दर बुधवारी आईकडे जाते, दुपारी परत निघते. एकदा काम फार तुंबलं होतं, ठाण्याला गाडीत बसल्या बसल्या वही काढली आणि लिहायला लागले. नेरूळ गेलं, कळलं नाही. सीवूड्स गेलं. बेलापूरला लक्षात आलं, पण उतरले नाही. पनवेलपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. चार दिवस अडलेलं प्रकरण दोन फेऱ्यांत संपलं.

तेव्हापासून अडलं की ठाणे ते पनवेल. ठाण्याहून गाडी सुटते, त्यामुळे दुपारी साडेबारा-एकला खिडकी हमखास मिळते. (सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत हा शहाणपणा करू नका, लोक वहीसकट बाहेर काढतील.) माझे टप्पे ठरलेले आहेत. ऐरोलीपर्यंत फक्त कालचं वाचायचं. तुर्भ्याच्या आत पहिलं वाक्य कागदावर आलंच पाहिजे, कसंही. खारघरला मान वर करायची, डोंगर बघायचा. खांदेश्वर गेलं की आवराआवर. हातात कागद असतो, त्यामुळे शब्दकोशातून साहिब-सिंध-सुलतानकडे जायची सोय नाही. शब्द अडला की खाली रेघ मारायची आणि पुढे.

कळव्याहून तुम्हाला ठाणे एकच स्टेशन. बघा जमलं तर.

आणि एक विचारते, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. बाबांना तो मेसेज खरंच वाचता येत नव्हता का?

---

खारेगावकर (बुधवार, सकाळी ८.५५)

मावशी, बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, खोपट आगारात. तीस वर्षं गाड्या सोडल्या. त्यांना मेसेज वाचता येतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली.

मी यावर जरा विचार करतो.

बंटी, कीबोर्ड जोडला. 'ज्ञ' सापडत नाहीये.

---

जुना उपसंपादक (बुधवार, दुपारी १.१५)

वरचं सगळं ठीक आहे, पण मला एक कळत नाही. शांतता हवी कशाला?

मी सव्वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. डोक्यावर टीव्ही, शेजारी दोन फोन, पलीकडे क्रीडावाला आणि जाहिरातवाला जागेवरून भांडताहेत, आणि त्यातच अग्रलेखाच्या पानाची मजकुराची बेरीज-वजाबाकी. एकाग्रता हा शब्द आम्ही सुविचारांच्या चौकटीत छापायचो, ऑफिसात कोणी उच्चारलेला आठवत नाही. पान साडेबाराला छपाईला सुटायचं म्हणजे सुटायचंच. निवृत्त झालो, घरी आलो, खोली शांत, बायकोने टेबल घेऊन दिलं, वर दिवा. सहा महिने एक ओळ लिहिली नाही.

तेव्हा माझं मत असं की तुमचा घोळ आवाजाचा नाही. संध्याकाळी सहाची वेळ ही पान सुटण्याची वेळ नव्हती. तुम्हाला आतून माहीत होतं की माफीचा मेल टाकला की रात्र मिळते. डेस्कवर माफीचा मेल नसतो, कोरं पान असतं आणि उद्या सकाळी ते सगळं गाव बघतं. तुम्ही एखाद्या माणसाला मधली वेळ द्या. क्लायंटला नको, त्याला सवलत द्यायची सवय लागलेली असते. मी एका मित्राला रोज अकराला तीनशे शब्द पाठवतो. तो वाचतही नाही. पण अकरा पाच झाले की "पान कोरं आहे" एवढाच मेसेज टाकतो.

दुसरं, शोधाशोध आणि लेखन एका बैठकीत करू नये. शंका आली की तिथे मोठी फुली मारायची आणि पुढे जायचं. फुल्या संध्याकाळी एकदम निस्तरायच्या. नजरगहाणची शंका संध्याकाळी पाच मिनिटांत मिटते, कारण तेव्हा पळून जायला समोर वाक्य नसतं.

तिसरं, दिवस संपवताना परिच्छेद पूर्ण करू नका. वाक्य अर्धं सोडा. सकाळी कोऱ्या पानाशी झटापट होत नाही, नुसतं ते वाक्य पुरं करायचं असतं आणि तेवढ्यात हात चालू होतो.

कीबोर्डबद्दल: फोनेटिक म्हणजे इंग्रजीच्या खांद्यावर बसून मराठी लिहिणं. इनस्क्रिप्ट शिका, भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड आहे तो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तीन आठवडे शिव्या द्याल, मग बोटं विचाराच्या वेगाने चालतात. 'ज्ञ' साठी आयुष्यभर लोकांना विचारत बसावं लागत नाही.

---

घणसोलीचा बंटी (बुधवार, दुपारी १.२२)

काका, तीन आठवडे शिव्या द्यायला त्याच्याकडे वेळ असता तर त्याने हा प्रश्न विचारला असता का? 😄

---

दोन लेकरांची आई (बुधवार, रात्री १०.४०)

सगळ्यांचं वाचलं. पनवेलपर्यंत जाऊन परत यायचं. मित्राला तीनशे शब्द पाठवायचे. नऊ ते साडेअकरा मीटिंग. छान आहे. घरात तीन वर्षांचं पोर आहे का कोणाच्या? मग बोला.

मी कोपरखैरण्याला असते, शाळेच्या पुस्तकांसाठी प्रश्नसंच आणि गोष्टी लिहिते. माझी वेळ पहाटे पावणेपाच ते सव्वासहा. सव्वासहाला नळाला पाणी येतं, मोटर सुरू होते, धाकटी उठते. दीड तास. त्यात ना पार्सल येतं, ना क्लायंटला मोहक सुचतं. फोन मी डाळीच्या डब्यामागे ठेवते, कारण तिथवर जायचं म्हणजे दिवा लावावा लागतो आणि दिवा लावला की धाकटी उठते. माझ्या हाताला एवढा धाक पुरतो.

दिवसभर मग मी लिहितच नाही. प्रयत्नही करत नाही. फक्त डोक्यात घोळवते, भाजी चिरताना, शाळेच्या बसची वाट बघताना. पहाटे बसते तेव्हा अर्धं तयार असतं. आधी दिवसाही लॅपटॉप उघडून ठेवायचे आणि लिखाणही नाही, पोरीकडेही लक्ष नाही, दोन्हीकडे चिडचिड. तो उघडा लॅपटॉप बंद केला, तेव्हा घर शांत झालं.

खारेगावकर, तुम्हाला टोमणा मारायचा नव्हता. थोडा होता.

---

हिशेबनीस (गुरुवार, सकाळी ११.०५)

सगळ्यांनी लक्षावर लिहिलं, बँकेच्या ॲपकडे कोणी बघितलंच नाही. माणूस दिवसातून दहा वेळा खातं उघडतो म्हणजे त्याचे पैसे कुठेतरी अडकलेत. ते येईपर्यंत टोमॅटो लावा नाहीतर वांगं, मन जाग्यावर राहणार नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, केली आहे का? सरकारी पोर्टलवर होते, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. त्यानंतर २००६ चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा, तुमच्या बाजूने उभा राहतो: लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, करारात मुदत नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि मोठ्या कंपन्यांना आता दुसराही चटका आहे, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देतील त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की त्यांचा अकाउंट्सवाला स्वतःच जागा होतो. जुन्या बिलांना उपयोग होईलच असं नाही, नोंदणीनंतरच्या कामाला आहे, म्हणून आजच करा.

आणि बिलं मागायची ती महिन्यातून एका ठरावीक वारी, तासभर. रोज थोडं थोडं कुढायचं नाही.

---

खारेगावकर (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.३०)

मंडळी, कोणी विचारलं नाही तरी सांगतो काय झालं ते. वेळ बघा, साडेनऊ. आणि काम संपलेलं आहे.

आधी फसलेलं. पहाटे उठणं तीन दिवस टिकलं, चौथ्या दिवशी अलार्म बंद करून झोपलो. ताई, तुम्हाला दंडवत. इनस्क्रिप्ट दोन संध्याकाळी करून पाहिलं, काका, शिव्यांचा कोटा दुसऱ्याच दिवशी संपला. फोनेटिकवर आहे, 'ज्ञ' सापडला. सोसायटीच्या ग्रुपमधून बाहेर पडणार होतो, पण बाहेर पडल्याचीच चर्चा झाली असती, म्हणून अर्काइव्ह केला. मधल्या काळात टाकी धुऊन झाली, मला गच्चीवर गेल्यावर कळलं.

ट्रान्स-हार्बर मात्र जमलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐरोलीपर्यंत बावळटासारखा बसून होतो, वाटत होतं सगळ्यांना कळतंय की या माणसाला कुठेही जायचं नाहीये. समोरच्या बाई रबाळ्याला उतरताना म्हणाल्या, "परीक्षा आहे का?" हो म्हटलं. तुर्भ्याला वाक्य आलं. वाईट होतं, पण आलं. आता आठवड्यातून दोनदा जातो. हाताने लिहिलेलं घरी येऊन टाइप करताना आपोआप एक हात फिरतो, हा वरचा फायदा. फुल्यांचंही चालू आहे, कालच्या संहितेत एकोणीस फुल्या होत्या. संध्याकाळी बसलो तर त्यातल्या अकरा शोधायची गरजच नव्हती, मला आधीच माहीत होतं. नुसता उठायला बहाणा हवा होता.

उद्यम नोंदणी झाली. एक जुनं बिल अजून लटकलंय, पण ॲप दिवसातून दोनदाच उघडतो. तीनदा.

आता बाबांचं.

मावशींनी विचारलं त्यानंतर चार दिवस मी काहीच बोललो नाही. मग रविवारी चहा पिताना म्हटलं, "बाबा, मला तुमची मदत लागेल. सकाळी साडेनऊ ते साडेबारा कोणाला माझ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. इंटरकॉम, पार्सल, माझा दुसरा फोन, सगळं तुम्ही बघा." मला वाटलं वाईट वाटून घेतील, कारण 'कोणाला' मध्ये तेही आले. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "नोंद ठेवायची का?"

सोमवारी सकाळी बाहेर आलो तर दारापाशी टीपॉय, त्यावर दोनशे पानी वही, लाल आणि निळं पेन, चष्म्याची केस. रेघा मारून रकाने पाडलेले: वेळ, कोण, कारण, शेरा. अक्षर तेच, लहानपणी माझ्या वह्यांवर नाव घालायचे ते. पहिली नोंद: "९.३० लेखक मार्गस्थ."

दोन आठवड्यांत सत्तेचाळीस नोंदी झाल्या. काल बसून दोघांनी मोजल्या. पार्सलं तेवीस. क्लायंटचे फोन नऊ, शेरा सगळीकडे एकच, "साडेबारानंतर करावा असे सांगितले, ऐकले." (नऊच्या नऊ जणांनी ऐकलं. मी दीड वर्षात एकालाही सांगितलं नव्हतं.) चारशे दोनच्या काकू सहा वेळा, त्यांतल्या चार वेळा बाबांनी त्यांना बसवून चहा दिलाय. ते शेऱ्यात नाही, पण कपांवरून कळतं. खरंच तातडीच्या नोंदी दोन. एक गॅसवाला, एक आत्याचा फोन.

मांजराची वाळू चारशे दोनचीच होती. त्यांनी आता पार्सलवर बाबांचं नाव टाकायला सुरुवात केली आहे.

साडेबाराला मी बाहेर येतो, ते वही पुढे करतात, मी सही करतो. सही हवीच म्हणतात, नाहीतर नोंद ग्राह्य नाही. मग जेवताना ते सगळं तोंडीही सांगतात, आणि तेव्हा मी ऐकतो. पेन्शनचा मेसेज परवा पुन्हा आला. त्यांनी स्वतःच वाचला, वहीत लिहिला, शेरा "जमा".

आजच्या पानावरची शेवटची नोंद तशीच उतरवून देतो, लाल पेनात आहे:

"११.२०. स्वतः लेखक. कारण: चहा. शेरा: परत पाठविले."